खिशातला कॅमेरा आणि त्याची निवड

कॅमेरा खिशात मावावा आणि तरीही त्याने टिपलेले चित्र भिंतीवर लावण्याइतके मोठे करता यावे, ही आकांक्षा आजची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्रकाराला लाकडी पेटी, काचेच्या जड पट्ट्या आणि तिवई यांचे ओझे वाहावे लागे. जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात काम करणारे ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा विकार होता. असे ओझे घेऊन हिंडणे त्यांना जमत नसे. चलच्चित्रासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यांनी कॅमेऱ्यात आडवी फिरविली, चलच्चित्राची चौकट दुप्पट करून ती ३६ गुणिले २४ मिलिमीटर एवढी केली आणि त्या मापाभोवती एक लहानसा धातूचा कॅमेरा रचला. १९२५ मध्ये लाइप्झिगच्या व्यापारी मेळ्यात तो ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. लहान निगेटिव्हपासून मोठे चित्र मिळवावे, हे त्यामागील सूत्र होते.

या सूत्रात लाभ होता तसा त्यागही होता. काचेच्या मोठ्या पट्टीवर जितका तपशील उमटे तितका लहान फिल्मवर उमटत नसे; चित्र मोठे करताना तिचे कण दिसू लागत. कॅमेरा लहान झाला, म्हणून तो नेहमी जवळ राहू लागला, आणि ज्या क्षणी मोठा कॅमेरा घरीच राहिला असता त्या क्षणाचे चित्र मिळू लागले. काय सोडले आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळाले, हा हिशेब लहान कॅमेऱ्याच्या प्रत्येक खरेदीत करावा लागतो. तो कसा करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

फिल्मच्या काळातील सोय

१९६६ मध्ये रोलाय ३५, १९७९ मध्ये ऑलिंपस एक्सए, १९९० मध्ये कॉन्टॅक्स टी२ आणि १९९६ मध्ये रिको जीआर१ असे उत्तम प्रतीचे छोटे कॅमेरे येत गेले. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ते कितीही लहान असले तरी त्यांच्यात घातली जाणारी फिल्म व्यावसायिक छायाचित्रकाराच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यातील फिल्मच असे. चौकटीचे क्षेत्रफळ दोन्हीकडे सारखेच, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. म्हणून भिंग चांगले असेल तर खिशातल्या कॅमेऱ्याचे चित्रही मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्राशी बरोबरी करू शके.

फिल्मची जागा सेन्सरने घेतली तेव्हा ही बरोबरी संपली. सेन्सर म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारी चकती. ती मोठी करणे खर्चाचे असते, आणि मोठ्या चकतीसाठी भिंगही मोठे लागते. त्यामुळे स्वस्त व छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा सेन्सर बसविला जाऊ लागला. हे क्षेत्रफळ फिल्मच्या चौकटीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके होते. भर दुपारी अशा कॅमेऱ्याचे चित्र ठीक येई. दिवेलागणीनंतर मात्र ते धूसर आणि ठिपकेदार होई.

हे गमावलेले क्षेत्रफळ परत मिळविण्याच्या प्रयत्नातून आजचा उच्च दर्जाचा लहान कॅमेरा निर्माण झाला. २०११ मध्ये फुजीफिल्मचा एक्स१०० विक्रीस आला, २०१२ मध्ये सोनीचा आरएक्स१००, २०१३ मध्ये मोठ्या सेन्सरचा रिको जीआर आणि २०१५ मध्ये लायका क्यू. याच काळात साधे, स्वस्त कॅमेरे मोबाइल फोनपुढे टिकू शकले नाहीत. भिंग कायमचे जोडलेले डिजिटल कॅमेरे २०१० मध्ये जगभर १० कोटींहून अधिक पाठविले गेले होते. २०२३ मध्ये ती संख्या २० लाखांच्याही खाली आली. स्वस्त प्रकार जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे जो उरला तो महाग आहे. एखाद्या नोकरदार कुटुंबाच्या महिन्याभराच्या मिळकतीइतकी किंवा तिच्याहून अधिक रक्कम त्यासाठी मोजावी लागते. म्हणून ही निवड घाईने करण्याजोगी राहिलेली नाही.

सेन्सरचे माप

विक्रेता प्रथम ‘मेगापिक्सेल’चा आकडा सांगतो. ग्राहकाने प्रथम सेन्सरचे माप विचारावे. लहान कॅमेऱ्यांत मुख्यतः तीन मापे आढळतात. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिलिमीटर भरते. ‘एपीएस-सी’ सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर असते, तर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘पूर्ण चौकटी’च्या सेन्सरचे ८६४ चौरस मिलिमीटर. यांपैकी पहिल्या नावाने पुष्कळांची फसगत होते. एक इंची सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच नसते. त्याचा कर्णदेखील सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या दोनतृतीयांशाहून कमी असतो. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात पूर्वी जी काचेची नळी असे, तिच्या बाहेरील व्यासावरून मापे सांगण्याची पद्धत पडली आणि नळी गेल्यावरही ती पद्धत चालू राहिली.

एक छोटे गणित

तथापि केवळ सेन्सरच्या मापावरून निर्णय घेणेही चुकीचे ठरेल. सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेले परातीसारखे भांडे मानले, तर भांड्याचे तोंड किती रुंद यावर जसे पाणी अवलंबून असते, तसे पाऊस किती जोराचा यावरही असते. हा ‘पाऊस’ भिंगातील कमीजास्त उघडणाऱ्या छिद्रावर ठरतो. छिद्राचे माप एफ/१.८, एफ/२, एफ/२.८ अशा छिद्रांकांनी सांगतात. छिद्रांक जितका लहान तितके छिद्र मोठे. प्रकाशाचे प्रमाण छिद्रांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून एफ/२.८ पेक्षा एफ/२ वर दुप्पट प्रकाश आत येतो.

यावरून कोणालाही कागदावर करता येईल असे एक गणित निघते. सेन्सरच्या क्षेत्रफळाला छिद्रांकाच्या वर्गाने भागावे. येणाऱ्या संख्येला येथे सोयीसाठी ‘प्रकाशांक’ म्हटले आहे. २०१९ मधील रिको जीआर३ चा सेन्सर ३६७ चौरस मिलिमीटरचा आणि छिद्रांक २.८, त्याचा प्रकाशांक ४७ येतो. २०१२ च्या सोनी आरएक्स१०० चा सेन्सर ११६ चौरस मिलिमीटरचा, पण छिद्रांक १.८; त्याचा प्रकाशांक ३६. म्हणजे सेन्सर एकतृतीयांश असूनही मिळणाऱ्या प्रकाशात फार मोठा फरक नाही. परंतु त्याच सोनीचे झूम भिंग दूरच्या टोकापर्यंत नेले की छिद्रांक ४.९ होतो आणि प्रकाशांक ५ पर्यंत घसरतो. त्याच मालिकेतील २०१९ च्या सातव्या कॅमेऱ्याचे झूम पुष्कळच लांबचे आहे. त्यासाठी जवळच्या टोकालाही छिद्रांक २.८ पत्करावा लागला आणि प्रकाशांक १५ वर आला. फुजीफिल्म एक्स१०० मालिकेचा प्रकाशांक ९२, तर लायका क्यूचा ३०० च्या आसपास आहे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ काय, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. संध्याकाळी घरातील एका दिव्याच्या उजेडात, प्रकाशसंवेदनक्षमता आयएसओ ३२०० ठेवली असता, एफ/२ वर सुमारे १/२५० सेकंदात चित्र घेता येते. एफ/२.८ वर त्यासाठी १/१२५ सेकंद लागतो, तर एफ/४.९ वर जवळजवळ १/४० सेकंद. पलंगावर उड्या मारणारे मूल १/२५० सेकंदात स्पष्ट येते. १/४० सेकंदात त्याचे हातपाय पुसट होतात. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, मुलाची हालचाल थांबवीत नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेकांची खरेदीनंतर निराशा होते.

फोन आणि कॅमेरा

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. फोन खिशात असताना वेगळा कॅमेरा घ्यावाच कशासाठी? २०२१ नंतर काही महागड्या फोनांतही एक इंची सेन्सर बसविले गेले, आणि त्यांचा प्रकाशांक एक इंची कॅमेऱ्याच्या जवळ पोहोचतो. शिवाय फोन एका चित्रासाठी अनेक चित्रे घेऊन ती क्षणार्धात एकत्र करतो. स्थिर दृश्य असेल तर हा उपाय फार परिणामकारक ठरतो. ज्याला बहुतेक चित्रे फोनवरच पाहावयाची व पाठवावयाची आहेत, त्याने कॅमेऱ्यावर खर्च न करणेच शहाणपणाचे होय.

कॅमेऱ्याची बाजू वेगळ्या ठिकाणी भक्कम आहे. दूरच्या वस्तूसाठी खरे भिंग पुढेमागे सरकते. चित्र कापून मोठे केले जात नाही. छिद्र, शटर आणि नाभी साधण्याची क्रिया बोटांखाली असते. हलत्या माणसाचे चित्र एकाच उघडझापीत पुरे होते. आणि मोठा सेन्सर असेल तर चित्र कागदावर मोठे छापताना त्वचेचा, कापडाचा आणि सावल्यांचा पोत टिकून राहतो. ज्यांना यांपैकी कशाची तरी वारंवार गरज लागते, त्यांच्यासाठी पुढील विचार आहे.

एकच नाभीय अंतर की झूम

लहान कॅमेऱ्यात तीन गुण एकत्र हवे असे प्रत्येकाला वाटते: लहान आकार, मोठा सेन्सर आणि लांबवर पोहोचणारे तेजस्वी झूम भिंग. प्रकाशशास्त्राचे नियम ही मागणी पुरी होऊ देत नाहीत. यांपैकी दोन गुण घ्यावे आणि तिसऱ्यावर पाणी सोडावे, असेच सर्व उत्पादकांना करावे लागले आहे. रिकोने आकार व सेन्सर राखून झूम सोडले. सोनीने आकार व झूम राखून सेन्सर लहान केला. लायकाने मोठा सेन्सर आणि तेजस्वी भिंग घेतले, पण झूमबरोबर खिशाचाही नाद सोडला. वजनावरून हे सहज कळते. जीआर३ चे वजन २५७ ग्रॅम, आरएक्स१०० मालिकेतील सातव्या कॅमेऱ्याचे ३०२ ग्रॅम, २०२४ च्या एक्स१००-६ चे ५२१ ग्रॅम आणि २०२३ च्या लायका क्यू३ चे सुमारे ७४० ग्रॅम आहे. शेवटचे दोन कोटाच्या खिशात किंवा खांद्यावरच शोभतात.

झूम नसलेल्या भिंगाची अनेकांना धास्ती वाटते. वस्तुतः मर्यादेतही एक शिस्त असते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगाने केले. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत त्यांनी गांधीजींची अखेरच्या दिवसांतील आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली. एकाच दृश्यकोनाची सवय झाली की कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच चौकटीत काय येणार हे कळू लागते, आणि झूमऐवजी पाय हलू लागतात. मात्र मैदानाच्या कडेला उभे राहून मुलाची धावण्याची शर्यत टिपणाऱ्या पालकाला, किंवा तळ्यावरचे पक्षी टिपणाऱ्याला ही शिस्त उपयोगी नाही. तेथे पाय पुढे नेता येत नाहीत, झूमच हवे.

कोणते अंतर आपल्याला मानवते, हे पैसे खर्च न करता पाहता येते. एका पुठ्ठ्यात १८ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापावी. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून १४ सेंटिमीटरवर धरली की पूर्ण चौकटीवरील २८ मिलिमीटर भिंगाचे दृश्य दिसते. साडेसतरा सेंटिमीटरवर ३५ मिलिमीटरचे, २० सेंटिमीटरवर ४० मिलिमीटरचे आणि २५ सेंटिमीटरवर ५० मिलिमीटरचे. ही खिडकी घेऊन स्वयंपाकघरात, गच्चीवर, बाजाराच्या तोंडाशी उभे राहावे. दोन मीटरवरून २८ मिलिमीटरचे भिंग सुमारे अडीच मीटर रुंदीचे दृश्य सामावते, तर ५० मिलिमीटरचे दीड मीटरहून थोडे कमी. ज्यांचे आयुष्य लहान खोल्यांत आणि अरुंद गल्ल्यांत जाते, त्यांना २८ किंवा ३५ का सोयीचे वाटते, हे लगेच उमगते.

डोळा आणि हात

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून दृश्य पाहण्याची खिडकी, ही कागदावर क्षुल्लक वाटणारी बाब आहे. परंतु आपल्याकडील उन्हात मागचा पडदा जवळजवळ काळा दिसतो आणि छायाचित्रकार अंदाजाने कळ दाबतो. ज्याची चित्रे मुख्यतः उन्हातली, त्याने व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा पाहावा. एक्स१०० मालिकेत तो आहे. जीआर३ मध्ये आकार लहान ठेवण्यासाठी तो गाळला आहे.

उलट, तत्परतेत लहान कॅमेरा सरस ठरतो. जीआर३ सुमारे ०.८ सेकंदात सज्ज होतो. त्याचे अंतर आधीच २ मीटरवर बांधून छिद्र एफ/५.६ ठेवले, तर सुमारे सव्वा मीटरपासून ६ मीटरपर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. नाभी साधण्यासाठी थांबावे लागत नाही. रस्त्यावरील चित्रे घेणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. या कॅमेऱ्याची विद्युतघट मात्र सुमारे २०० चित्रांत संपते, म्हणून लग्नकार्याला जाताना दुसरी जवळ असावी.

धूळ आणि पावसाळा

भिंग कायमचे जोडलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर बंदिस्त असतो, म्हणून तेथे धूळ जात नाही अशी समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. पुढे सरकणारे भिंग आत जाताबाहेर येताना हवा ओढते आणि हवेबरोबर धुळीचे कणही. भिंग काढता येत नसल्यामुळे ते घरी पुसताही येत नाहीत. कॅमेरा दुरुस्तीला द्यावा लागतो. म्हणून खरेदीपूर्वी जवळच्या शहरात त्या उत्पादकाचे दुरुस्ती केंद्र आहे काय, याची चौकशी करणे आवश्यक आहे.

पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. दमट हवेत भिंगाच्या काचेवर बुरशी धरते आणि तिचे धागे काचेवरील लेपही खातात. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटाच्या तळाशी ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्या वेळोवेळी सुकवाव्या किंवा बदलाव्या. सर्वांत चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणे. जुना कॅमेरा विकत घेताना भिंगातून उजेडाकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी तो घेऊ नये. पांढऱ्या भिंतीचे एफ/१६ वर चित्र घेतल्यास सेन्सरवरील धुळीचे डागही उघडे पडतात.

निवडीची रीत

या सर्व विचारांना व्यवहारात एक क्रम देता येतो. प्रथम आपल्या फोनमधील अलीकडची दोनशे चित्रे पाहावी. केवळ सोयीसाठी घेतलेली कागदपत्रांची व पाट्यांची चित्रे बाजूला काढावी. उरलेल्यांना तीन प्रश्न विचारावे: उजेड कोणता होता, माणसे किती दूर होती, आणि ती हलत होती काय? त्यानंतर जी चित्रे घ्यावयाची होती पण साधली नाहीत, त्यांची आठवण करून वेगळी यादी करावी. खरे उत्तर बहुधा या दुसऱ्या यादीत असते.

घरातील संध्याकाळची, जवळून घेतलेली, हलत्या मुलांची चित्रे बिघडत असतील तर मोठ्या सेन्सरचा, तेजस्वी व एकाच नाभीय अंतराचा कॅमेरा घ्यावा. शाळेचे मैदान, प्रवास, देवळाच्या शिखरावरील शिल्पे ही यादीत वारंवार येत असतील तर एक इंची सेन्सरचा झूम कॅमेरा योग्य. संध्याकाळी तो कमी पडेल हे आधीच मान्य करून घ्यावा. आणि यादी जवळजवळ रिकामी असेल, तर फोन पुरेसा आहे असे समजावे आणि पैसे चित्रे छापून घेण्यात खर्च करावे.

शेवटी दुकानात जाऊन कॅमेरा हातात घ्यावा, रोजच्या वापरातील पिशवीत किंवा खिशात घालून पाहावा आणि प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे: हा मंगळवारी सकाळी कामावर जाताना बरोबर येईल काय? सणासुदीला सर्वच कॅमेरे बाहेर निघतात. परंतु आजीचे निवडलेल्या तांदळात फिरणारे हात, दप्तर पाठीला लावून दारात थांबलेले मूल, गावच्या जुन्या घराची पाडण्यापूर्वीची ओसरी ही दृश्ये सणाची वाट पाहत नाहीत, आणि एकदा गेली की कोणत्याही किमतीला पुन्हा मिळत नाहीत. गुणांच्या तक्त्यात पहिला आलेला कॅमेरा कपाटात राहणार असेल, तर त्यापेक्षा दोन गुण कमी असलेला पण रोज बरोबर येणारा कॅमेराच त्या घराच्या अधिक उपयोगाचा होय.